मधलं पान

सगळ्यांच्या डोळ्यांत पडद्यावरचा उजेड हलत होता. एका माणसाच्या डोळ्यांत हलत नव्हता. हे शरच्चंद्र टेंभुर्णीकरच्या ध्यानात आलं तेव्हा दुसऱ्या रिळातली चौथी पाटी पडद्यावर होती आणि ती त्याने अर्धी वाचली होती. उरलेली अर्धी त्याने वाचली, पण आवाज एका पट्टीने खाली आला आणि पेटीवाल्याने मान वळवून पाहिलं. माणूस अगदी पुढे होता, जमिनीवर बसायच्या स्वस्त जागेत, घोंगडीची घडी करून तिच्यावर बसलेला. वय चाळिशीच्या आसपास, डोक्याला तांबडं मुंडासं, मिशा पांढऱ्या होऊ लागलेल्या. पडद्यावर घोडे धावत होते. तो पाहत होता पडद्याच्या डाव्या बाजूला, जिथे स्टुलावर, कंदिलाच्या उजेडात शरच्चंद्र उभा होता. पुढे बोलपट आले, स्टूल गेलं, कंदील गेला. पण त्या नजरेची आठवण झाली की शरच्चंद्रला अजून देवासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि तो देवाधर्माचा माणूस नाही.

ही एकोणीसशे एकोणतीस सालच्या मार्चमधली गोष्ट. चित्रपट मुके होते. पात्रांचं बोलणं मधूनमधून पाट्यांवर लिहून दाखवत, आणि सोलापुरात खेळाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नसे. म्हणून पहिल्या खेळाला शरच्चंद्र त्या पाट्या मोठ्याने वाची. मागे बसलेल्या विणकरांच्या बायका त्याचं वाक्य संपलं की एकमेकींना तेलुगूत सांगत, त्यामुळे त्याच्या प्रत्येक वाक्यामागून एक कुजबुज येई, विहिरीतून यावी तशी. दिवसा तो एका मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत कारकून होता. तिथेही काम तेच. साक्षीदाराची जबानी मराठीत उतरवून घ्यायची, ती त्याला वाचून दाखवायची, चूक असेल ती दुरुस्त करायची, अंगठा घ्यायचा आणि खाली लिहायचं, ‘वाचून दाखविले, बरोबर असल्याचे कबूल’. वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवणारा माणूस, एवढीच त्याची गावात ओळख. फरक इतकाच की कचेरीत त्याचा आवाज कुणी ऐकत नसे. वकील कागद चाळत, पट्टेवाला जांभया देई, साक्षीदार भीतीने आधीच मान हलवत असे. इथे सहाशे माणसं श्वास धरून बसत. तो ‘थांब’ म्हणाला की तलवार थांबे. साडेपाचला कचेरी सुटे आणि साडेसहाला खेळ सुरू होई. त्या तासाभरात शरच्चंद्र नवी पेठ ओलांडताना मनातल्या मनात पाट्या घोळवत असे, आणि एखाद्या दिवशी कचेरीला उशीर झाला की त्याच्या पायाला मुंग्या येत.

तो आठवडा सुडाच्या खेळाचा होता. बाहेरच्या बोर्डावर तांबड्या रंगात कट्यार काढली होती आणि तिच्यावरून रंग ओघळू दिला होता. गोष्ट साधी होती. एका माणसाच्या भावाला गावचा सरदार मारतो. न्यायालयात सरदार सुटतो. मग तो माणूस एकेकाला गाठतो. तिसऱ्या रिळात सरदार मरतो, पाचव्यात पैसे चारणारा सावकार, सातव्यात खोटी साक्ष देणारा. लोकांना वाटे की आता संपलं, आणि मग आठव्या रिळात तो मुनशीच्या दारात उभा राहतो, ज्याने खोटा कागद लिहिला त्या मुनशीच्या. मुनशी हात जोडतो, त्याचे ओठ थरथरतात, आणि पाटी येते: ‘लेखणीने मारणारा देखील खुनीच! घे आपले इनाम!’ सोमवारी, पहिल्याच दिवशी, ही पाटी वाचताना शरच्चंद्रची जीभ टाळ्याला चिकटली होती. त्याने ती वाचली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दारावरच्या सिद्धप्पाने येणाऱ्यांच्या काठ्या आणि कुऱ्हाडी काढून भिंतीशी उभ्या करून ठेवायचा रिवाज मागच्याच वर्षी सुरू केला होता, कारण एका गड्याने भर खेळात उठून पडद्यावरच्या दुष्टाला काठी हाणली होती आणि पडद्याला अजून तिथे ठिगळ होतं. वाईट माणूस पडद्याच्या उजव्या बाजूला आला की त्याच्या गालावर ते ठिगळ येई.

गुरुवारी ती नजर दिसली. शुक्रवारी खेळ सुरू होण्याआधी शरच्चंद्रने सिद्धप्पाला सहज विचारल्यासारखं करून त्या माणसाबद्दल विचारलं. सिद्धप्पा म्हणाला की सांगोल्याकडचा धनगर आहे, मंगळवारपासून रोज येतो, रोज कुऱ्हाड ठेवतो आणि रोज खेळ सुटला की पात्यावर अंगठा फिरवून बघतो, आपण तिने गवत कापलं की काय असं. नाव बिरप्पा. नाव ऐकल्यावर शरच्चंद्रला चेहऱ्याची गरज उरली नाही. आठ महिन्यांपूर्वी हाच माणूस कचेरीच्या व्हरांड्यात तीन दिवस उकिडवा बसून होता. त्याचा धाकटा भाऊ येडू मेंढरांच्या वाड्यावर पहाटे कुऱ्हाडीने मारला गेला होता. कारण क्षुल्लक होतं, कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवायची कुणाची पाळी, एवढंच. आरोपी गावातला दांडगा गडी मानसिंग. पाहणारी एकच, येडूची बायको केराबाई.

केराबाईची जबानी तीन पानं झाली होती. ती थांबत थांबत बोलली, कारण मॅजिस्ट्रेट प्रश्न इंग्रजीत लिहून घेत आणि मग मराठीत विचारत. तिने सांगितलं की दोघं होते. शेकोटीच्या उजेडात मानसिंगचा चेहरा आपण पाहिला. दुसरा मागे होता, त्याचा चेहरा दिसला नाही. शरच्चंद्रने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तेव्हा पाच चाळीस झाले होते. त्या दिवशी नवा खेळ लागणार होता. दुसऱ्या पानावर त्याने दोन वाक्यांचं एक केलं: ‘अंधार असल्याने चेहरा दिसला नाही.’ लबाडी म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याचा हात घाईत असला की तो असं करतोच, आणि म्हणूनच तर वाचून दाखवायचा कायदा आहे. मॅजिस्ट्रेट उठून आत गेले होते. शरच्चंद्रने पहिलं पान वाचलं, आणि मग पहिलं नि दुसरं दोन्ही एकदम उलटली. बोटाखाली दोन कागदांची जाडी त्याला कळली होती. चुकून उलटलं असं तो स्वतःशी दोनचार महिने म्हणत राहिला, पण बोटाला आठवत होतं. तिसरं पान वाचून त्याने विचारलं, “बरोबर?” केराबाई म्हणाली, “व्हय.” तिने अंगठा दिला. त्याने खाली ठरलेली ओळ लिहिली आणि सहा पंचवीसला तो स्टुलावर होता.

पुढे खटला वरच्या कोर्टात उभा राहिला. केराबाईने तिथे मानसिंगकडे बोट दाखवलं. मानसिंगच्या वकिलाने जुनी जबानी काढली, तिच्यातली ओळ वाचली आणि विचारलं, हा अंगठा तुझाच ना? अंगठा तिचाच होता. मानसिंग सुटला. शरच्चंद्र त्या दिवशी काही कागद पोचवायला तिथे गेला होता आणि दाराशी उभा होता. बाहेर आल्यावर त्याने पाहिलं की बिरप्पा आणि गावची माणसं रस्त्याने पुढे निघाली आहेत आणि केराबाई आवारातल्या लिंबाखाली एकटी उभी आहे. तिच्यासाठी कुणी थांबलं नाही. तिने थोडी वाट पाहिली, मग उलट्या दिशेने, शहराकडे चालू लागली. हे त्याने पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. त्याला वाटलं, दुःखात माणसं अशीच पांगतात. वर्तमानपत्रात त्या निकालावर चार ओळी आल्या, त्याही त्याने वाचल्या. त्यांत कारकुनाचा उल्लेख नव्हता. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची शरम त्याला तेव्हापासून रोज जेवताना, दाढी करताना, बुटाची नाडी बांधताना भेटत राहिली.

शनिवारी सकाळी त्याने बायकोला, प्रभाला, घसा बसल्याचं सांगितलं. प्रभाने त्याला तोंड उघडायला लावून दिव्याशी नेलं, आत पाहिलं आणि म्हणाली की घशाला काही झालेलं नाही, मनाला झालं असेल तर तिथे ज्येष्ठमध पोचत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिने पुढे काही विचारलं नाही, पण संध्याकाळी तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली, जे ती एरवी करत नसे. तिच्याकडे वळून पाहताना त्याला स्पष्ट वाटलं की हा माणूस आपल्याला मारणार आहे, मुनशीच्या पाटीनंतर मारणार आहे, आणि तसं झालं तर ते खेळाच्या गोष्टीत बरोबर बसेल. या विचाराने तो घाबरला, पण त्याहून विचित्र म्हणजे त्याला जरा आराम वाटला. कुणीतरी ते पान शोधून काढलं होतं. आठ महिने ते एकट्याने धरून ठेवणं संपलं होतं.

थिएटरच्या दाराशी सिद्धप्पाने त्याला बाजूला घेतलं. भिंतीशी आज काठ्या बऱ्याच होत्या. धनगराने आज काही ठेवलं नाही, सिद्धप्पा म्हणाला; विचारलं तर म्हणाला, आणली नाही. सिद्धप्पाला ते खरं वाटलं नव्हतं. घोंगडी जाड दिसत होती. हाकलू का, त्याने विचारलं. शरच्चंद्र नको म्हणाला.

त्या दिवशी त्याने सात रिळं चांगली वाचली. पेटीवाला मध्ये एकदा मान डोलावून गेला. बिरप्पा जागचा हलला नाही. उजेड त्याच्या कानावर आणि मुंडाशावर पडत होता, तोंड मात्र डावीकडेच, कंदिलाकडे. आठवं रीळ लागलं. भावाने दार ढकललं. मुनशी बैठकीवरून उठला, हात जोडून मागे सरकला, भिंतीला टेकला, आणि ठिगळ त्याच्या गालावर आलं. त्याचे ओठ हलू लागले. पाटी अजून आली नव्हती. मुनशी काय बोलतो ते लेखकाने लिहिलंच नव्हतं, नुसते ओठ हलत होते, तबला थांबला होता, आणि सहाशे माणसं शरच्चंद्रच्या तोंडाकडे कान लावून होती. तेव्हा तो बोलला. नेहमीच्या नाटकी आवाजात नाही, कचेरीतल्या सपाट आवाजात. “केराबाई खरं बोलली होती. मानसिंगचा चेहरा तिने पाहिला होता. मी उलटं लिहिलं, आणि ते पान तिला वाचून दाखवलंच नाही. अंगठा तिचा. चूक माझी.”

मागून कुणीतरी ओरडलं, “आता कबूल करतोय, हाण त्याला,” आणि सगळं थिएटर शिट्ट्यांनी भरलं. तेलुगू कुजबुज ओळीओळीने मागे सरकत गेली. बायका एकमेकींना मुनशीचा कबुलीजबाब सांगत होत्या. पाटी आली. ती त्याने वाचली नाही. कुणाला तिची गरजही पडली नाही. समोर बिरप्पाने पहिल्यांदा तोंड फिरवलं होतं आणि तो पडद्याकडे, मरणाऱ्या मुनशीकडे पाहत होता.

खेळ सुटला. शरच्चंद्रने कंदील विझवला, कोटाची बटणं लावली, आणि नेहमीच्या मागच्या दाराने न जाता पुढच्या दाराने बाहेर आला. बिरप्पा बोर्डाखाली उभा होता. गर्दी ओसरल्यावर बिरप्पाने विचारलं, फार सभ्यपणे, एखाद्या ऑफिसात विचारावं तसं.

“रावसाब, त्ये शेवटचं फिलमातलं हुतं, का आपलं?”

“आपलं.”

“न्हाय, केराबाईचं नाव फिलमात कसं येईल, म्हनून इचारलं. म्हंजी ती फिरली न्हवती.”

“नाही.”

“गाव म्हनतंय, मानसिंगानं तिला गप केली. आदी फिरली, मग वरच्या कोर्टात साळसूद झाली.”

शरच्चंद्रने सांगितलं की ती जे बोलली ते आपण कानांनी ऐकलं आहे. दोन माणसांबद्दलची दोन वाक्यं होती, ती आपण एक केली. वाचून दाखवलं असतं तर तिने तिथेच धरलं असतं.

“का न्हाय दावलं?”

या प्रश्नाची त्याने आठ महिन्यांत पुष्कळ उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही त्याने दिलं नाही. “इथे यायला उशीर होत होता,” तो म्हणाला.

बिरप्पाने बोर्डाकडे पाहिलं, कट्यारीवरून ओघळलेल्या रंगाकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे. “लई झ्याक वाचता की,” तो म्हणाला. आणि घोंगडीच्या घडीतून त्याने कुऱ्हाड काढली. शरच्चंद्र जागचा हलला नाही. बिरप्पाने कुऱ्हाड त्याच्या हातात दिली. “धरा जरा,” म्हणाला, आणि मुंडासं सोडून त्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. दांडा घोंगडीत राहून कोमट झाला होता. शरच्चंद्र ती कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

तोंड पुसून झाल्यावर बिरप्पा बोलला ते खाली पाहून. केराबाई हितंच आहे, साखर पेठेत, बहिणीच्या, मायाक्काच्या खोलीत. हे त्याला सोमवारी कळलं होतं. मायाक्का दिवसा गिरणीत असते. मंगळवारी सकाळीच जायचं होतं, पण आदल्या रात्री धर्मशाळेत कुणी सांगितलं की असा असा खेळ लागला आहे, भावासाठी सूड घेतात तो. तो बघायला आला आणि पहिल्या पाटीलाच आवाज ओळखला. कचेरीत वाचून दाखवणारा आवाज हाच. “म्हनलं, ह्येला सगळं ठावं असनार. तिनं काय लिवून दिलं, ह्येनंच वाचलंय. रोज यायचो. म्हनलं, ह्यो आवाज मार म्हनतोय, पर म्हनताना असा का म्हनतोय? मुनशीच्या पाटीला तुमचा घसा बसायचा. रोज. ते काय मला उमगंना. म्हनलं, आज शेवटचं बगू, आन उद्या जाऊ.”

सहाशे माणसांत एकाने त्याचा आवाज खरोखर ऐकला होता. शरच्चंद्र या गोष्टीचा विचार पुढे अनेक वर्षं करत राहिला. त्याला स्वतःचा जीव वाचल्यासारखं वाटलं होतं, पण त्याचा जीव कधी धोक्यात नव्हताच. दुसऱ्याच कुणाचा होता, आणि त्याची त्याला तीन दिवसांत एकदाही शंका आली नव्हती. त्याने भीतीतही स्वतःचाच विचार केला होता. लिंबाखाली उभी असलेली बाई त्याने पाहिली होती, आणि तेही पान त्याने उलटून टाकलं होतं.

बिरप्पाने त्याच्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि दाराशी जाऊन, भिंत रिकामी झाल्यावर दाराला कुलूप घालायला निघालेल्या सिद्धप्पासमोर धरली. सिद्धप्पा म्हणाला, आता काय उपयोग, हे आत जायच्या आधी द्यायचं असतं की. “उद्या नेतो,” बिरप्पा म्हणाला. सिद्धप्पाने ती भिंतीशी उभी केली.

दुसऱ्या दिवशी रविवार. साखर पेठेत सकाळी आठला काही घरांतून माग चालू होते. मायाक्काने दार उघडलं, शरच्चंद्रच्या मागे बिरप्पा पाहिला आणि दार अर्धं लोटून त्याला आतून अंग लावून उभी राहिली. बिरप्पा गल्लीतच थांबला. वहाणा काढून तो उन्हात उभा राहिला, देवळाबाहेर थांबावं तसा, आणि म्हणाला, “केरा, ह्यो कारकून काय म्हनतोय त्ये ऐक. मग मला काय म्हनायचं ते म्हन.” केराबाई आतून आली. ती वाळली होती. तिने शरच्चंद्रला लगेच ओळखलं, पण आश्चर्य दाखवलं नाही. उंबऱ्याच्या आत ती बसली, तो बाहेर पायरीवर बसला.

पुढचं सगळं तारीखवार सांगता येतं. सोमवारी त्याने लेखी कबुली दिली. जूनअखेर त्याची नोकरी गेली. निकाल फिरला नाही; मानसिंग मोकळाच राहिला, आणि आजही गावात आहे. बिरप्पाने चावडीपुढे गाव जमवून शरच्चंद्रकडून सगळं वदवून घेतलं, आणि केराबाई त्या पावसाळ्याआधी गावी परतली. मुके खेळ संपल्यावर शरच्चंद्र पोस्टाबाहेर बसून लोकांची पत्रं लिहू लागला. प्रत्येक पत्र तो दोनदा वाचून दाखवतो, माणूस घाईत असला तरी. लोक हसतात. प्रभाही हसते. या सगळ्यात काय गमावलं असं कुणी विचारलं तर त्याच्या मनात त्या रविवारची सकाळच येते.

त्या सकाळी त्याच्याकडे कागद नव्हते. गरज नव्हती, तिन्ही पानं आठ महिने त्याच्या डोक्यात होती. त्याने पहिलं पान म्हटलं. केराबाईने त्याला दोनदा अडवलं. मेंढरं साठ नव्हती, बासष्ट होती. कुत्रं भुंकलं नव्हतं, कण्हलं होतं, आधी त्याला हाणलं होतं. ती पूर्वी पहिल्या पानालाही मान हलवून गेली होती, कारण कुणी थांबून विचारलं नव्हतं. मग त्याने दुसरं पान म्हटलं, जसं लिहिलं होतं तसं, चेहरा दिसला नाही या ओळीसकट. गल्लीत बिरप्पाने पाय बदलला.

“असं मी म्हनलं न्हाय,” केराबाई म्हणाली.

“नाही म्हणालात.”

“मानसिंगाचं त्वांड मी बगितलं. त्यानं माजं बगितलं. शेकोटीत लाकूड पडलं, त्या उजेडात.”

“लिहितो,” शरच्चंद्र म्हणाला, आणि खिशातून त्याने पेन्सिल आणि खेळाची एक जाहिरात काढली, मागची बाजू कोरी होती. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. उन्ह पायरीवर चढलं. कुठे एक माग थांबला, परत सुरू झाला. लिहून झाल्यावर त्याने पहिल्या शब्दापासून सगळं वाचलं, घाई न करता, गल्लीतल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या आवाजात. ती ओठ मिटून ऐकत होती, आणि शेकोटीच्या ओळीपाशी तिने मान हलवली नाही. नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तो नीट वाचतो की नाही हे पाहणाऱ्यासारखं. तो वाचत राहिला. शेवटी, सवयीने, त्याची पेन्सिल खाली गेली, ती ओळ लिहायला. तो थांबला आणि त्याने विचारलं.

“व्हय,” केराबाई म्हणाली. “आता वाचून दावलं.”